डावीकडचा आरसा

पहिल्या दिवशी सुपरवायझरने कागद वाचून दाखवला,
आम्हा दोघांना समोर उभं करून,
उशीर झालेल्या भटजीच्या घाईने:
हेल्परने पार्सल उचलावं, दारापर्यंत न्यावं, परत यावं.
स्कॅनर ड्रायव्हरचा. सही, रोख रक्कम ड्रायव्हरने घ्यावी.
उंबऱ्याच्या आत पाऊल कुणाचंच नाही.
आणि हेल्परने स्टिअरिंगला हात लावू नये.
मोर्तू गावस मान हलवत राहिला,
शेवटच्या वाक्यालाही तेवढीच.

मी सत्तावीसची. परवाना तीन वर्षांचा.
तो चौपन्नचा. सुर्लच्या खाणीवरून आमोण्याच्या धक्क्यापर्यंत
अठरा वर्षं टिपर,
उतारावर, लाल चिखलात, पाठीशी दहा टन माती.
मग खाण बंद पडली, टिपर अंगणात राहिला,
त्याच्या टपावर आता बायको दोडकी चढवते.
हे मला गोडाऊनच्या वॉचमनने सांगितलं.
मोर्तू फक्त सकाळी बसल्या बसल्या
डावीकडचा आरसा आपल्या नजरेला लावून घ्यायचा.
कागदात आरशाचं काही नव्हतं.

नाताळ जवळ आला तशी गाडी फुगली.
कुकर, चांदण्या, केकचे साचे,
एकदा तर डंबेल्सची जोडी, साखळीला, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
एक मी घेते, म्हटलं.
"बाय, तुझ्या कागदात वजन नाही,
माझ्या कागदात चाक नाही.
आपापलं उचलूया."

दिवाडीला म्हातारी पिएदाद खोका उघडून बसली:
मुलाने पाठवलेला कागदी तारा, वायरसकट.
"पुता, एवढा टांगून जा रे. माझा हात पोचत नाही."
मोर्तू पायरीवर थांबला. माझ्याकडे वळला.
"बाल्कांव घरात धरायचा की बाहेर?"
मी स्कॅनर पाहिला. अकरा पार्सलं बाकी होती.
"बाहेर," मी म्हटलं.
त्याने चप्पल काढली तरीही.

म्हणून फेरीला उशीर.
सुकती लागलेली, धक्का उघडा पडलेला, शेवाळ,
आणि गाडी उलटी चढवायची.
चाक जागच्या जागी फिरलं. रबराचा वास.
मागे दोन स्कूटर आणि पाववाला हॉर्न वाजवत.
मी खाली उतरले, किल्ली त्याच्यापुढे धरली.
कोण बघतंय इथे?
त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले,
प्रसाद संपल्यावर पोरं नेतात तसे.
"तेवीस दिवस राहिलेत बाय. ते मला हवेत."

मग तो धक्क्यावर उतरला, पँट घोट्यापर्यंत भिजली.
"मागे बघू नको. मला ऐक."
पत्र्यावर एक थाप म्हणजे डावीकडे,
दोन म्हणजे उजवीकडे,
तळवा टेकून ठेवला की क्लच अर्ध्यावर, थांब, श्वास घे.
गाडीच्या अंगातून त्याचा हात मला कळत होता.
फेरीवर चढल्यावर माझे गुडघे थरथरत होते.
तो पाववाल्याशी उंड्यांच्या भावाबद्दल बोलत होता.

सहा जानेवारीला त्याने जॅकेट धुऊन, घडी करून दिलं.
सुपरवायझरने खिसे तपासले.
पुढच्या चवथीला बघू, म्हणाला.
मोर्तूने मान हलवली. तेवढीच.

आता रोज सकाळी मी डावीकडचा आरसा
माझ्या बाजूला वळवते.
स्क्रू ढिला झाला असावा.
डिचोलीच्या खड्ड्यांतून जाताना तो कणाकणाने सरकतो,
आमोण्याचा पूल येईपर्यंत
पुन्हा रिकाम्या सीटला रस्ता दाखवत असतो.
गॅरेजमध्ये न्यायला हवा.
ते माझ्या कागदात आहे की नाही,
एकदा वाचायला हवं.